केळीच्या पेटीवर छापलेले नाव

रावेर तालुक्यातील आमच्या केळी उत्पादक कंपनीचे इंटरनेटवरील नाव खरोखर कंपनीकडे आहे का, हा प्रश्न संचालक मंडळापुढे आला तो निर्यातीच्या पेट्यांमुळे. आमच्या पेटीवर एक क्यूआर कोड छापलेला असतो. तो मोबाइलने वाचला की माल कोणत्या गावचा, कोणाच्या बागेतला, कापणी केव्हा झाली आणि पॅकहाउसमध्ये पेटी केव्हा भरली, एवढी माहिती खरेदीदाराला दिसते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून माल नेमका कुठला हे दाखवता येण्याला महत्त्व आले आहे, आणि आखातातील खरेदीदार तो कोड वाचून पाहतात, हे आम्ही अनुभवले आहे. नव्या पेट्या मोठ्या संख्येने छापायला देण्याच्या वेळी छापखान्याने साधी विचारणा केली, की पुढची दोन-तीन वर्षे हाच पत्ता कायम राहणार आहे ना. अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते काम माझ्याकडे सोपवले, कारण कार्यालयाचा पत्रव्यवहार मी पाहतो. होय किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे होते, परंतु ते देण्यासाठी डोमेन नेमची, म्हणजे इंटरनेटवरील नावांची, संपूर्ण व्यवस्था मुळापासून समजून घ्यावी लागली.

कंपनी स्थापन झाली त्या वेळी जळगावच्या एका तरुण व्यावसायिकाने आमचे संकेतस्थळ तयार करून दिले होते. डॉट कॉममधील नाव त्यानेच घेतले, पाने त्यानेच तयार केली, कंपनीच्या नावाची ईमेल खातीही त्यानेच उघडून दिली. दरवर्षी त्याचे एक बिल येत असे आणि त्यात 'वेबसाइट खर्च' अशी एकच रक्कम लिहिलेली असे. पुढे त्याने तो व्यवसाय आवरता घेतला आणि नोकरीसाठी तो दुसऱ्या शहरात गेला. त्या एका रकमेच्या आत चार स्वतंत्र गोष्टी होत्या: नावाची नोंदणी, त्या नावाखालच्या नोंदी सांभाळणारे नेम सर्व्हर, पाने जिथे ठेवली आहेत ते होस्टिंग, आणि ईमेलची सेवा. या चारही गोष्टी चार वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात, आणि एक हलवली म्हणून दुसरी आपोआप हलत नाही. ही फोड नीट समजायला मला वेळ लागला, परंतु ती समजल्यानंतर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आपण नेमके कशाला हात लावत आहोत हे मला कळत होते.

माझी पुतणी जळगावला संगणकशास्त्र शिकते. तिने मला पहिला सल्ला दिला तो असा: "काका, आधी नोंद बघा, मग त्या माणसाला फोन करा." डोमेन नेमची नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. पूर्वी यासाठी हूइज नावाची सेवा वापरली जात असे. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांसाठी जानेवारी २०२५ पासून तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. या नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर आमचे नाव घातल्यावर नोंदणीचा दिनांक, मुदत संपण्याचा दिनांक, शुल्क घेऊन नोंदणी करून देणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीचे नाव, दोन नेम सर्व्हरची नावे आणि नोंदणीची स्थिती इतके समोर आले. धारकाच्या रकान्यात मात्र ही माहिती गोपनीयतेसाठी झाकलेली आहे, एवढेच लिहिलेले होते. युरोपचा माहितीसंरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून बहुतेक रजिस्ट्रार धारकाचे नाव असेच झाकून ठेवतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही अवघड परिस्थिती आहे. जमीन कोण कसतो आणि सातबारा कोणाच्या नावाचा आहे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे खान्देशातल्या कोणाही माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इथेही तेच होते. आम्ही ते नाव इतकी वर्षे वापरत होतो, पेट्यांवर, पावत्यांवर, बँकेच्या कागदांवर ते छापत होतो, परंतु धारक म्हणून नोंद कोणाची आहे हे आम्हाला माहीत नव्हते, आणि सातबारा जसा कोणालाही पाहता येतो तशी ही नोंद पाहताही येत नव्हती. शिवाय जमिनीचे आणि या नावाचे साम्य इथेच संपते, कारण डोमेन नेम कोणीही कायमचे विकत घेत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते.

आमच्या नावाची मुदत त्याच हंगामात संपत होती. मुदतीनंतर काय होते हे मी बारकाईने वाचले, कारण छापखान्याला द्यायचे उत्तर त्यावरच अवलंबून होते. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रारने मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी, आणि संपल्यानंतर ५ दिवसांच्या आत पुन्हा एकदा, धारकाला सूचना पाठवणे बंधनकारक आहे. या सूचना नोंदीतल्या ईमेल पत्त्यावर जातात, म्हणजे आमच्या बाबतीत, बहुधा, त्या तरुणाच्या जुन्या पत्त्यावर. मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवस सवलतीचे असतात आणि ते जास्तीत जास्त ४५ असू शकतात. त्यानंतर नाव रद्द झाले तर ३० दिवसांचा परत मिळवण्याचा काळ असतो, ज्यात बरेच जास्त शुल्क द्यावे लागते. मग ५ दिवस ते नाव कोणालाच हात लावता न येणाऱ्या स्थितीत राहते आणि शेवटी सर्वांसाठी खुले होते. जुनी, वापरातली नावे उचलण्यासाठी टपून बसलेले लोक जगभर आहेत. असे नाव दुसऱ्याच्या हाती गेले तर नुकसान केवळ संकेतस्थळ बंद पडण्याचे नसते. नव्या धारकाने त्या नावाखाली ईमेल सुरू केली की आमच्यासाठी येणारी पत्रे, खरेदीदाराचे दर, बँकेचे पासवर्ड बदलण्याचे दुवे, सगळे त्याच्याकडे जाऊ लागते. हे मी नानांना सांगितले तेव्हा त्यांनी बैठक पुढे ढकलली नाही, त्याच आठवड्यात घेतली.

त्या तरुणाला फोन करण्यापूर्वी मला एक गोष्ट स्वतःला पटवून घ्यायची होती: आमच्या नावाचा पत्ता जगातल्या कोणत्याही मोबाइलला सापडतो तो नेमका कसा. नावांची एक मोठी यादी कुठेतरी असेल आणि त्यात आमचेही नाव असेल, अशी माझी समजूत होती. एके काळी तसेच होते. आजच्या इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यात सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. जोडलेले संगणक वाढत गेले तशी ती एक यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची रचना मांडली, १९८७ मध्ये ती सुधारून पक्की झाली, आणि आजही मूळ आराखडा तोच आहे. त्या रचनेचा गाभा असा, की संपूर्ण यादी कोणाकडेच नसते. प्रत्येक पातळीला फक्त आपल्या खालच्या पातळीसाठी कोणाला विचारायचे एवढे माहीत असते.

नाव वाचायचे ते उजवीकडून डावीकडे. अगदी शेवटी एक टिंब असते, जे आपण कधी टाइप करत नाही. ते टिंब म्हणजे मूळ, ज्याला रूट म्हणतात. रूटला कॉम, ऑर्ग, इन, भारत अशी १,४०० हून अधिक टोकाची नावे माहीत आहेत, त्यापलीकडे काही नाही. कॉमच्या सर्व्हरना १५ कोटींहून अधिक नावे माहीत आहेत, पण प्रत्येक नावापुढे त्यांच्याकडे मुख्यतः एवढेच असते, की या नावाची उत्तरे अमुक नेम सर्व्हर देतील. आणि त्या नेम सर्व्हरकडे खरी उत्तरे असतात. पुतणीने कार्यालयाच्या संगणकावर डिग नावाची आज्ञा चालवून हा सगळा प्रवास माझ्या डोळ्यांसमोर मांडला. पहिल्या ओळींत रूट सर्व्हरची नावे आली, ए पासून एम पर्यंत, एकूण १३. ही संख्या १३ का, तर जुन्या नियमानुसार उत्तराचे पाकीट ५१२ बाइटांत मावायला हवे होते आणि त्यात इतकीच नावे पत्त्यांसह बसत होती. नावे १३ असली तरी प्रत्यक्ष यंत्रे जगभर शेकडो ठिकाणी आहेत, मुंबईतही आहेत, आणि विचारणा जवळच्या यंत्राकडे वळवली जाते. दुसऱ्या टप्प्यावर कॉमचे सर्व्हर आले, जे व्हेरीसाइन ही कंपनी चालवते. तिसऱ्या टप्प्यावर आमचे दोन नेम सर्व्हर आले आणि त्यांनी अखेर आयपी पत्ता दिला, म्हणजे आमची पाने ठेवलेल्या संगणकाचा टिंबांनी जोडलेल्या चार संख्यांचा क्रमांक. रावेरच्या स्टेशन रस्त्यावरील एका खोलीतून निघालेला प्रश्न तीन पायऱ्या चढून-उतरून क्षणभरात परत आला होता. मी ते पुन्हा पुन्हा चालवून पाहिले. इतकी महत्त्वाची व्यवस्था प्रत्येक पायरीवर केवळ 'पुढे त्यांना विचारा' एवढ्याच उत्तरावर उभी आहे आणि तरीही चाळीस वर्षे चालते आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याच प्रात्यक्षिकातून नोंदणीतील भूमिकाही स्पष्ट झाल्या. कॉमची मूळ नोंदवही चालवणारी ती रजिस्ट्री, म्हणजे व्हेरीसाइन. आपल्यासारख्या ग्राहकाकडून शुल्क घेऊन त्या वहीत नोंद करणारी मधली कंपनी ती रजिस्ट्रार. ज्याच्या नावाने नोंद होते तो धारक. या सर्वांचे नियम ठरवणारी आयकॅन ही १९९८ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. संकेतस्थळ तयार करणारा माणूस या साखळीत कुठेही नसतो. तो ग्राहकाच्या वतीने रजिस्ट्रारकडे खाते उघडतो, आणि ते खाते त्याने स्वतःच्या नावे उघडले असेल तर नियमांच्या दृष्टीने धारक तोच असतो. असा वाद झाल्यास दाद मागण्याची व्यवस्था आहे. डॉट कॉमसाठी आयकॅनची वाद-निवारण पद्धत आहे आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी नावाची वेगळी. पण तिथे व्यापारचिन्हावरचा आपला हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो, आणि इथे वाईट हेतूचा प्रश्नच नव्हता.

फोन केल्यावर तसेच निघाले. त्या तरुणाने जिल्ह्यातल्या कितीतरी संस्थांची नावे एकाच खात्यात, सोयीसाठी, स्वतःच्या नावे नोंदवली होती; त्या काळी अनेक जण तसेच करत. तो अत्यंत सौजन्याने बोलला आणि नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा हस्तांतराचा संकेतांक लगेच देतो म्हणाला. मी त्याला थोडे थांबायला सांगितले, कारण तोपर्यंत मला कळले होते, की क्रम चुकला तर पेट्यांवरचा कोड मधेच बंद पडू शकतो, आणि त्या वेळी भरलेले कंटेनर समुद्रात होते.

धोका कुठे होता ते सांगतो. नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेल्याने नेम सर्व्हरची नोंद बदलत नाही, ती जशीच्या तशी पुढे जाते. परंतु आमचे नेम सर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचेच होते, नोंदणीसोबत मिळणाऱ्या विनामूल्य सेवेतले. ग्राहक निघून गेल्यावर असा रजिस्ट्रार ती सेवा बंद करू शकतो. तसे झाले असते तर कॉमच्या सर्व्हरांनी सगळ्या जगाला अशा दाराशी पाठवले असते जिथे उत्तर द्यायला कोणी नाही. म्हणून आधी नोंदी दुसरीकडे उभ्या करायच्या, मग नेम सर्व्हर बदलायचे, मग थांबायचे, आणि त्यानंतरच हस्तांतर, असा क्रम आम्ही ठरवला.

नोंदी दुसरीकडे उभ्या करणे हे या सगळ्या कामातले सर्वांत काळजीचे काम ठरले. एका नावाखालच्या नोंदींच्या संचाला झोन म्हणतात. बाहेरून कोणी 'तुमच्या सगळ्या नोंदी दाखवा' असे विचारले तर सुरक्षिततेसाठी बहुतेक सर्व्हर नकार देतात. ज्या नोंदीचे नाव ठाऊक आहे तेवढीच विचारता येते. त्यामुळे खात्याच्या आतल्या पडद्याचे चित्र त्या तरुणाकडून मागवले आणि पुतणीने व मी एकेक ओळ बोटाने दाखवत तपासली. ए प्रकारची नोंद संकेतस्थळाचा आयपी पत्ता सांगत होती. एमएक्स नोंदी ईमेल कोणत्या यंत्रणेकडे द्यायची ते सांगत होत्या, प्राधान्यक्रमाच्या आकड्यासह, ज्यात लहान आकडा आधी. टेक्स्ट प्रकारच्या एका नोंदीत आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे ते लिहिले होते. ती राहून गेली असती तर आमची पत्रे खरेदीदाराच्या नको असलेल्या पत्रांत जाऊन पडली असती. आणि तळाशी एक सी-नेम प्रकारची नोंद होती, जिचा बिलांत वा करारात कुठेच उल्लेख नव्हता. आमच्या नावाआधी एक छोटा शब्द जोडून केलेले ते उपनाव होते आणि ते भलत्याच एका सेवेकडे वळवलेले होते. पेटीवरचा क्यूआर कोड नेमका त्या उपनावाकडे जात होता. मुखपृष्ठ उघडते आणि ईमेल येते एवढे तपासून आम्ही काम संपवले असते, तर ही एक ओळ मागे राहिली असती आणि दुबईच्या गोदामातल्या माणसाला कोरे पान दिसले असते.

नव्या ठिकाणी झोन तयार झाल्यावर पुतणीने नव्या सर्व्हरना थेट प्रश्न विचारून जुन्या सर्व्हरच्या उत्तरांशी प्रत्येक उत्तर पडताळले. मगच जुन्या खात्यात नेम सर्व्हर बदलण्याची सूचना दिली गेली.

त्यानंतरच्या प्रतीक्षेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण याविषयी सर्वत्र चुकीचे बोलले जाते. 'बदल जगभर पसरायला दोन दिवस लागतात' असे जो तो सांगतो. प्रत्यक्षात काहीही पसरत नाही. कॉमच्या सर्व्हरवर बदल काही मिनिटांत दिसला होता. उशीर होतो तो जुनी उत्तरे लक्षात ठेवली गेल्यामुळे. आपला मोबाइल स्वतः रूटपर्यंत जात नाही. तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो, आणि तो रिझॉल्व्हर सगळा प्रवास करून उत्तर आणतो व काही काळ जवळ ठेवतो, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला की पुन्हा धावायला नको. किती काळ ठेवायचे ते त्या उत्तरासोबतच सेकंदांत लिहून आलेले असते. त्याला टीटीएल म्हणतात. कॉमच्या पातळीवर नेम सर्व्हरच्या नोंदीचा हा काळ १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असतो. दोन दिवसांची गोष्ट येते ती इथून. आमच्या स्वतःच्या झोनमधल्या नोंदींचा काळ मात्र आम्ही ठरवू शकतो, म्हणून बदलाच्या आदल्या दिवशीच तो ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणून ठेवला होता, म्हणजे एखादी नोंद नव्या ठिकाणी दुरुस्त करावी लागली तरी पाच मिनिटांत ती सर्वांना मिळावी.

हे माहीत असल्यामुळे त्या दोन दिवसांतले फोन मी शांतपणे घेऊ शकलो. पाने आम्ही त्याच सुमारास नव्या होस्टिंगवर नेली होती आणि नवा पत्ता फक्त नव्या झोनमध्ये होता. त्यामुळे चोपड्याच्या संचालकाला नवे मुखपृष्ठ दिसत होते आणि फैजपूरच्या संचालकाला जुनेच. दोघांचेही बरोबर होते. त्यांचे मोबाइल वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिझॉल्व्हरना विचारत होते. एकाकडचे जुने उत्तर मुदत संपून गेले होते आणि दुसऱ्याकडचे अजून शिल्लक होते. जुने होस्टिंग आणि जुने नेम सर्व्हर आम्ही त्या काळात मुद्दाम चालू ठेवले होते, म्हणून कोणालाही बंद पान दिसले नाही आणि ईमेल कोणत्याही बाजूने आली तरी त्याच पेटीत जमा झाली.

हस्तांतर त्यामानाने सरळ झाले. जुन्या खात्यात नावाला कुलूप असते, नोंदीत त्याचा अर्थ 'ग्राहकाने हस्तांतर रोखले आहे' असा दिसतो; ते काढले, हस्तांतराचा संकेतांक घेतला आणि नव्या रजिस्ट्रारकडे कंपनीच्या नावाने उघडलेल्या खात्यात तो दिला. जुन्या रजिस्ट्रारला हरकत घेण्यासाठी ५ दिवस असतात. त्या तरुणाने त्याच्याकडे आलेली विचारणा लगेच मान्य केल्याने तेवढे थांबावे लागले नाही. हस्तांतराच्या शुल्कात डॉट कॉमची मुदत एका वर्षाने वाढते, त्यामुळे मुदतीची तातडीची काळजी तिथेच मिटली. धारकाचे नाव बदलून कंपनीचे नाव लावणे आम्ही हस्तांतरानंतर केले, आधी केले नाही. याला कारण आहे. धारक बदलला की रजिस्ट्रार त्या नावाचे हस्तांतर ६० दिवस रोखू शकतो, आणि मुदत जवळ आलेली असताना तो अडसर आम्हाला नको होता. ज्या दिवशी धारकाच्या रकान्यात कंपनीचे नाव आणि रावेरचा पत्ता आला, त्या दिवशी मी छापखान्याला पेट्या छापण्यास हरकत नाही असे कळवले.

नानांनी तातडीने घेतलेल्या त्या बैठकीत डॉट इनमधले नावही घ्यायचे ठरले होते. देशांची दोन अक्षरी नावे वेगळ्या नियमांनी चालतात. भारतासाठी इन हे टोकाचे नाव १९८९ मध्ये दिले गेले, परंतु बराच काळ ते फारच थोड्यांना मिळत असे; २००५ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सीकडे ही नोंदवही आली आणि नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. आमच्या रजिस्ट्रारने त्यासाठी कंपनीची कागदपत्रे मागितली, ती दिली, आणि नाव मिळाले. यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते देवनागरी नावाबद्दल. डॉट भारत हे टोकाचे नाव ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि देवनागरीतल्या ज्या भाषांसाठी ते आहे त्यांत मराठी पहिल्यापासून आहे. आमच्या सभासदांपैकी अनेकांना इंग्रजी अक्षरे ओळखता येत असली तरी टाइप करणे जड जाते, त्यामुळे मराठी नाव असावे असा नानांचा आग्रह होता आणि तो मला पूर्ण पटला. मात्र मूळ व्यवस्था इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांवरच चालत आली आहे. २००३ मध्ये यावर मार्ग निघाला तो असा, की ब्राउझर आपले देवनागरी नाव पनीकोड नावाच्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत बदलतो आणि पुढचा सगळा प्रवास त्या रूपात होतो. अशा प्रत्येक तुकड्याची सुरुवात एक्सएन आणि दोन जोडरेघा अशी होते; 'भारत' हे टोकाचे नाव रूट सर्व्हरच्या वहीत एक्सएन--एच२बीआरजे९सी असे आहे. नेम सर्व्हरला मराठी अक्षर कधीच दिसत नाही. दोन टिंबांमधल्या तुकड्यासाठी जी ६३ अक्षरांची मर्यादा आहे, ती या बदललेल्या रूपाला लागू होते, त्यामुळे लांबलचक मराठी नाव वाटते त्यापेक्षा लवकर मर्यादेला टेकते.

मंडळाने सुचवलेल्या नावात 'शेतकऱ्यांची' हा शब्द होता. तो आम्ही घेतला नाही, आणि का घेतला नाही हे इतर मराठी संस्थांना उपयोगी पडेल. यातला ऱ्य संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य अशी अक्षरे देतात. काही साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि य अशी देतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, परंतु पनीकोडमध्ये ती दोन वेगळी नावे होतात. शिवाय ते न दिसणारे जोडचिन्ह २००३ च्या नियमांत गाळले जात असे आणि पुढच्या सुधारित नियमांत काही अटींवर ठेवले गेले, म्हणजे त्याबाबत जुन्या-नव्या प्रणालींचे वागणेही एकसारखे असेल याची खात्री नाही. पेटीवर छापायच्या नावात असा धोका ठेवणे योग्य नव्हते. ज्यात रफार नाही, अनुस्वार नाही आणि जे कोणत्याही मोबाइलवर एकाच रीतीने टाइप होईल असे छोटे नाव आम्ही निवडले. ते नाव उघडले की डॉट इनच्या पानावर नेले जाते. त्या नावाची ईमेल मात्र आम्ही सुरू केलेली नाही. देवनागरी पत्त्यांच्या ईमेलसाठी २०१२ मध्येच मानके ठरली आहेत, पण आम्ही तपासलेल्या कित्येक ऑनलाइन अर्जांनी असा पत्ता अवैध म्हणून नाकारला. आपल्या लिपीतला पत्ता आपल्याच देशातल्या अर्जांनी स्वीकारावा, यासाठी आमच्यासारख्या संस्थांनी लेखी मागणी करत राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि तसे पत्र आम्ही संबंधित कार्यालयांना पाठवले आहे.

आता तिन्ही नावांचे खाते कंपनीच्या नावे आहे. त्याचा संपर्काचा ईमेल पत्ता मुद्दाम आमच्या नावाबाहेरच्या सेवेतला ठेवला आहे, कारण आमचे नाव कधी काळी बंद पडले तर त्याच नावावरचा पत्ताही बंद पडेल आणि इशारा पोहोचणारच नाही. दुहेरी पडताळणी दोन संचालकांच्या मोबाइलवर आहे, आणि मुदतीचे दिनांक इतिवृत्ताच्या वहीत पीक विम्याच्या तारखांच्या खाली लिहून ठेवले आहेत.

आमचे काम पाहून जवळच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या सचिवांनी त्यांच्या नावाची नोंद तपासायला सांगितली. त्यांचेही नाव त्याच जुन्या खात्यात निघाले, नेम सर्व्हरही तेच, आणि मुदत मार्चमध्ये संपत होती. त्यांच्या झोनमधल्या नोंदी उतरवून घेण्याचे काम पुतणीने सुरू केले आहे.